सुफियान स्टीव्हन्स: बँजो असला की नव्वद, नसला की ऐंशी?

रानवारा

गेले दोन आठवडे सुफियान स्टीव्हन्स या अमेरिकन गायक-गीतकाराचे अल्बम पहिल्यापासून ओळीने ऐकतोय. एक अल्बम संपला की त्या त्या वेळी आलेले रिव्ह्यू शोधायचे, वाचायचे, मग पुढचा अल्बम. या नादात एक गोष्ट डोक्यात घर करून बसलीय म्हणून धागा काढतोय.

२००५ चा, अमेरिकेतल्या त्याच नावाच्या राज्यावरचा 'इलिनॉय' घ्या. मेटाक्रिटिक या रिव्ह्यूंच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या साइटवर शंभरपैकी ९०, त्या वर्षीचा तिथला सगळ्यात जास्त गुण मिळालेला अल्बम. पिचफोर्क या संगीतावरच्या ऑनलाइन मासिकाने दहापैकी ९.२ दिले आणि वर्षअखेरच्या यादीत पहिला नंबर दिला. २०१५ चा 'कॅरी अँड लोवेल', परत ९०, पिचफोर्कचे ९.३. या दोघांच्या मधे २०१० साली आलेला 'द एज ऑफ ऍड्झ' मात्र ८०, पिचफोर्कचे ८.०. आता ऐंशी म्हणजे काही नापास नाही हे मलाही कळतं. पण मजकूर वाचा ना. फार भरगच्च आहे, फार लांब आहे, गाणं आवाजाखाली दबलंय, पहिल्यासारखं गाणं कधी करणार... सगळीकडे हाच सूर.

माझं म्हणणं असं की हातात बँजो (आपल्या बँजो पार्टीतला नव्हे, गिटारसारखा छेडायचा) आणि आवाज कुजबुजता असला की समीक्षक त्याला 'प्रामाणिक' म्हणतात, तोच माणूस सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन बसला की तो 'प्रयोग' होतो. प्रयोगाला कौतुकाची थाप मिळते, प्रेम नाही मिळत. तुम्हाला काय वाटतं? आणि ज्यांनी ऍड्झ तेव्हाच, २०१० मध्ये ऐकला होता त्यांनी तर जरूर लिहा.

बोरू

वाचतोय. या माणसाचं एकच गाणं ऐकलंय, 'कॉल मी बाय युअर नेम' सिनेमातलं. सुरुवात कुठून करू?

तिसरी_घंटा

बोरू, 'सेव्हन स्वान्स' (२००४) पासून करा. छोटा आहे, शांत आहे. मग 'मिशिगन', मग 'इलिनॉय'.

रानवारा, धाग्याचं शीर्षक आकर्षक आहे पण तुमचं गणित चुकतंय. 'इलिनॉय' हा कुजबुजता बँजोवाला अल्बम आहेच कुठे? बावीस ट्रॅक, चौऱ्याहत्तर मिनिटं, त्यात ट्रम्पेट, व्हायब्राफोन, ओबो, तंतुवाद्यांचा चौकडा, कॉयर, बँड पथकासारखे ड्रम. त्याच्याइतका भरगच्च अल्बम त्या वर्षी दुसरा नसेल. भरगच्चपणाची समीक्षकांना ऍलर्जी असती तर 'इलिनॉय'ला नव्वद पडलेच नसते. तेव्हा बँजो विरुद्ध सिंथ असा हा सरळ सामना नाही.

रानवारा

मान्य, बरोबर पकडलंत. पण इलिनॉयमधली बहुतेक वाद्यं फुंकायची, छेडायची, बडवायची आहेत ना? माणूस दिसतो वाजवताना. माझा मुद्दा तिथेच अडकलाय.

खर्ज

दोन पैसे माझे. त्या इलिनॉयच्या शीर्षकगीताचा पहिला भाग पाच मात्रांत आहे आणि दुसरा भाग चारात येतो. मी तबला शिकलोय त्यामुळे झपताल हाताशी असतो, म्हणून पहिल्यांदा ऐकताना नकळत हातावर मोजायला लागलो आणि मधेच गाडी चारावर आली तेव्हा अंगावर काटा आला. ऐकणाऱ्याला धक्का लागत नाही, उलट वाटतं की आता रस्ता रुंद झाला. दुसऱ्या भागात कवी कार्ल सँडबर्ग त्याच्या स्वप्नात येतो. हे सगळं पॉप गाण्याच्या अंगाने, तोंडावर हसू ठेवून. समीक्षकांना हे आवडणारच हो. त्याने त्या राज्याचा इतिहास वाचला होता, कादंबरीकार सॉल बेलो वाचला होता, आणि समीक्षक ही मुळात वाचणारी जमात. ज्या अल्बमवर लिहायला भरपूर सापडतं त्यावर ते भरभरून लिहितात.

चौथी_तार

खर्ज यांच्याशी शंभर टक्के सहमत. पन्नास राज्यांवर पन्नास अल्बम ही घोषणाच अशी होती की लेख आपोआप तयार. 'मिशिगन' २००३ मध्ये, 'इलिनॉय' २००५ मध्ये, आणि मग काहीच नाही. २००९ मध्ये त्याने स्वतःच एका ब्रिटिश वर्तमानपत्राला सांगून टाकलं की ती प्रसिद्धीची क्लृप्ती होती. तोपर्यंत लोक नकाशे घेऊन पुढचं राज्य कोणतं याच्या पैजा लावत बसले होते, त्यात मी पण होतो, माझा अंदाज ओरेगन होता.

आडवाटेचा

अवांतर: Adz चं स्पेलिंग बघून सगळे 'ऍड्झ' म्हणतात, उच्चार 'ऑड्झ' असा आहे.

बोरू

आता जीभ वळलीय, ऍड्झच राहू दे या धाग्यापुरतं.

आडवाटेचा

राहू दे. अजून एक अवांतर. इलिनॉयच्या पहिल्या कव्हरवर शिकागोच्या आकाशात सुपरमॅन उडताना दाखवला होता आणि त्याचे हक्क घेतले नव्हते. अल्बम दुकानात पोचायच्या बेताला होता तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं. छापून झालेल्या प्रती विकू दिल्या, पुढच्या कव्हरवरून सुपरमॅन गेला, रेकॉर्डच्या प्रतींवर त्याच्या जागी फुग्यांचं स्टिकर आलं. स्वतःच्या घरच्या लेबलवर काम करण्याचं सुख आणि दुःख दोन्ही यात आलं, वकिलांची फौज नसते.

तिसरी_घंटा

लेबलचा विषय निघालाच आहे तर. 'अस्थमॅटिक किटी' हे लेबल त्याने सावत्र वडिलांबरोबर, लोवेल ब्रॅम्सबरोबर १९९९ मध्ये काढलं. कॅरी अँड लोवेल मधला लोवेल तोच. आई कॅरी आणि लोवेल यांचं लग्न पाचेक वर्षंच टिकलं, पण हा सावत्र बाप मुलांना धरून राहिला आणि पुढे लेबलचा कारभार बघू लागला. मला नेहमी वाटतं की हा माणूस इतके उलटसुलट अल्बम काढू शकला ते यामुळेच. मोठ्या कंपनीत 'इलिनॉय'नंतर पाच वर्षं थांबून कोणी ऍड्झ काढू दिला असता?

कोरा_कागद

जरा आकड्यांबद्दल बोलू का? मेटाक्रिटिकचा आकडा म्हणजे काही परीक्षेचे मार्क नाहीत. ते वेगवेगळ्या ठिकाणचे रिव्ह्यू घेतात, तारे असतील तर त्यांचं शंभरपैकी करतात, म्हणजे पाचपैकी तीन तारे झाले साठ. आता संगीताच्या मासिकात तीन तारे म्हणजे 'चांगला आहे, ऐका', पण साठ म्हटलं की आपल्याला काठावर पास वाटतं. ज्या रिव्ह्यूला गुणच नाहीत त्याला तिथले लोक मजकूर वाचून गुण देतात. वर सरासरी भारित, कुणाच्या मताला किती वजन ते जाहीर करत नाहीत. त्यामुळे ९० आणि ८० मधला फरक म्हणजे काही समीक्षकांनी पाचाऐवजी तीन तारे दिले, इतकाच असू शकतो. त्यावर एवढी थिअरी उभी करू नये.

शिवाय ऍड्झ अमेरिकेत बिलबोर्डच्या खपाच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेला होता. कॅरी अँड लोवेल दहाव्या. तेव्हा ऍड्झवर कुणी फार अन्याय केला असं मला तरी वाटत नाही.

रानवारा

सातव्या क्रमांकाचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण विक्रीत पहिल्या आठवड्याला मागच्या अल्बमची पुण्याई असते ना? इलिनॉयवर प्रेम करणारे सगळे डोळे झाकून घेऊन आले असणार.

मंद्रसप्तक

मी २०१० मध्ये ऐकला होता, अगदी आला त्या आठवड्यात, म्हणून लिहितो. तुम्ही विचारलंय म्हणून खरं सांगतो, मला तेव्हा राग आला होता. इलिनॉयवर मी जीव टाकला होता. पाच वर्षं वाट बघितली, मधे हा माणूस मुलाखतीत सांगायला लागला की अल्बम या गोष्टीवरचाच विश्वास उडालाय, गाणं म्हणजे काय तेच कळेनासं झालंय, तेव्हा वाटलं संपलं सगळं. मग अचानक ऍड्झ. शेवटचं गाणं पंचवीस मिनिटांचं, त्यात मधेच ऑटोट्यून लावलेला आवाज. मी ते गाणं अर्ध्यात बंद केलं आणि दोन वर्षं लावलं नाही.

आता मला सांगा, रिव्ह्यू लिहिणाऱ्याला दोन वर्षं मिळतात का? त्याला अल्बम यायच्या आधी काही दिवस मिळतो, चार वेळा ऐकतो आणि लिहितो. तेव्हा त्यांनी बँजोवर माया दाखवली असं म्हणण्यापेक्षा, जे पहिल्या चार ऐकण्यांत उघडतं त्याला जास्त गुण पडतात असं म्हणा. कॅरी अँड लोवेल पहिल्या मिनिटाला उघडतो.

खर्ज

हे पटलं. आणि म्हणूनच मासिकांना मागाहून आपलीच उत्तरं खोडावी लागतात. न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडचा 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' १९९८ मध्ये आला तेव्हा पिचफोर्कने ८.७ दिले, २००५ मध्ये तोच अल्बम परत बाजारात आला तेव्हा दहापैकी दहा. अल्बमातला एक सूर बदलला नव्हता. गायिका लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमला त्यांनी शून्य दिलं होतं, २०२१ मध्ये जुने गुण सुधारले तेव्हा त्याचे ६.० केले. शून्यावरून सहा!

चौथी_तार

बॉब डिलनचं काय मग? १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकांनी हुर्यो उडवली. म्हणजे रानवारांचा मुद्दा अगदीच हवेत नाहीये, फोक गाणाऱ्याने वाद्य बदललं की गुन्हा केल्यासारखं बघतात ही जुनीच खोड आहे. आणि त्याच डिलनचा 'सेल्फ पोर्ट्रेट' १९७० मध्ये आला तेव्हा समीक्षक ग्रील मार्कसने रोलिंग स्टोन मासिकातल्या रिव्ह्यूची सुरुवातच शिवीने केली होती. २०१३ मध्ये त्याच काळातली उरलेली रेकॉर्डिंग 'अनदर सेल्फ पोर्ट्रेट' म्हणून निघाली, तिच्याबरोबरची टिपणं लिहिली कोणी तर ग्रील मार्कसनेच. मला यात कुणाची फजिती दिसत नाही. चाळीस वर्षांनी त्याच गाण्यांकडे परत जाऊन बसणं, ही समीक्षकाची खरी मिळकत आहे असं मला वाटतं.

बोरू

'सेव्हन स्वान्स' ऐकला. दोनदा. दुसऱ्यांदा दिवा बंद करून. यात देव फार आहे, पण कुठेही कुणी मला काही शिकवतंय असं वाटलं नाही.

सांजवेळ

बोरू, अगदी. आपल्याकडे जनाबाई विठ्ठलाशी घरातल्या माणसासारखं बोलते, रागावते, हक्काने कामाला लावते, तशी जवळीक मला त्याच्या गाण्यांत ऐकू येते. धर्मप्रसार नाही, सलगी आहे. त्या वेळच्या समीक्षकांनाही याचंच नवल वाटलं होतं, इंडी रॉकच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या रॉकच्या जगात येशूबद्दल इतकं सरळ गाणारं क्वचितच कोणी होतं.

आता मूळ प्रश्नाबद्दल, थोडं खाजगी लिहिते. कॅरी अँड लोवेल मी २०१५ मध्ये ऐकला नाही. नंतर, माझी आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा ऐकला. आयसीयूच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यांतल्या एका खुर्चीचा पाय हलायचा आणि मी रोज त्याच खुर्चीवर बसायचे कारण तिथून काचेतून आईच्या मॉनिटरची हिरवी रेघ दिसायची. पहाटे चारला एका कानात 'फोर्थ ऑफ जुलै' लावलं होतं, दुसरा कान नर्सने हाक मारली तर म्हणून मोकळा. ते गाणं म्हणजे मेलेली आई आणि मुलगा यांच्यातलं बोलणं आहे. ती त्याला लहानपणीच्या लाडक्या नावांनी हाक मारते. आणि शेवटी एकच ओळ, आपण सगळे मरणार आहोत, परत परत परत. मला वाटलं होतं मी ते बंद करेन. नाही केलं. त्या ओळीने मला श्वास घेता आला.

त्याला ९० आहेत की ४० हे तेव्हा माझ्या लेखी शून्य होतं. पण नंतर रिव्ह्यू वाचले तेव्हा एक खटकलं, जवळजवळ सगळ्यांनी त्याच्या आईची कहाणी लिहिली, तिचा आजार, दारू, तो एक वर्षाचा असताना ती सोडून गेली ते, २०१२ मध्ये कॅन्सरने गेली ते. गाण्यात काय चाललंय ते फार थोड्यांनी लिहिलं. जणू दुःख खरं आहे म्हटल्यावर गाणं तपासायची गरजच उरली नाही.

तिसरी_घंटा

सांजवेळ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आई कशा आहेत आता?

सांजवेळ

घरी आल्या होत्या महिनाभर. मग गेल्या. चार वर्षं झाली. पण तो महिना मिळाला.

मंद्रसप्तक

🙏

चौथी_तार

सांजवेळताई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर काल रात्रभर विचार करत होतो. 'गाण्यात काय चाललंय' त्याबद्दल मी गिटारवाला म्हणून लिहितो.

हा अल्बम साधा आहे असं सगळे म्हणतात. बसवून बघा. उजव्या हाताचा अंगठा खालच्या आणि मधल्या तारांवर घड्याळासारखा चालू ठेवायचा, तो थांबला की गाणं पडतं, आणि वरच्या तारांवर बोटांनी सूर काढत असताना आवाज इतका हलका ठेवायचा की नखाचा स्पर्शसुद्धा ऐकू येऊ नये. मला एक गाणं नीट यायला तीन महिने लागले. वर आवाजावर आवाज चढवलाय, एकच माणूस स्वतःबरोबर गातोय, आणि दोन्ही आवाज अगदी जुळत नाहीत, केसाएवढी फट आहे, त्या फटीमुळेच तो कानाजवळ येतो. ड्रम जवळपास नाहीतच. काही भाग हॉटेलच्या खोलीत आयफोनवर रेकॉर्ड केलेत. 'जॉन माय बिलव्हेड'च्या शेवटी त्याने घेतलेला श्वास तसाच ठेवलाय, कापला नाही. हा सगळा कारागिरीचा भाग आहे, दुःखाचा नाही. थॉमस बार्टलेट नावाचा त्याचा मित्र आहे, पसरलेल्या ढीगभर रेकॉर्डिंगमधून यातली गाणी निवडायला त्याने मदत केली. म्हणजे हा अल्बम रडता रडता आपोआप नाही झाला, तो घडवलाय.

आणि रानवारा, यात सिंथ आहे बरंका! 'शुड हॅव नोन बेटर' अर्ध्यावर बदलतं, गिटार मागे जाते आणि कीबोर्डची ठिपक्याठिपक्यांची चाल येते, ढग सरकून ऊन पडावं तसं.

निळी_शाई

इतके दिवस फक्त वाचत होते, आता लिहितेच.

माझा अल्बम ऍड्झ आहे. मला बरीच वर्षं नसांचं दुखणं आहे, त्याचं नाव इथे नको. हातात मुंग्या, मग भाजल्यासारखं, मग एकदम काहीच नाही, चहाचा कप धरलाय की नाही ते बघून ठरवावं लागतं. ऍड्झ करायच्या आधी सुफियानलाही मज्जासंस्थेचा एक आजार झाला होता, कित्येक महिने त्यात गेले, हे तेव्हाच्या मुलाखतींत आलंय. त्या अल्बममधले जे आवाज लोकांना गोंगाट वाटतात, कुठूनतरी फुटणारे, चुकीच्या जागी थडथडणारे, गाणं सरळ चाललंय आणि मधेच वीज खेळतेय, ते माझ्या हाताचे आवाज आहेत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं कुणीतरी माझं शरीर रेकॉर्ड केलंय. त्यात एक गाणं आहे, त्यात तो नुसतं ओरडतो की मला बरं व्हायचंय, शिवी देऊन ओरडतो, मी गंमत करत नाहीये असं सांगतो. ते बँजोवर नसतं झालं.

कव्हरवर रॉयल रॉबर्टसन या लुइझियानातल्या पाट्या रंगवणाऱ्याची चित्रं आहेत. त्याला स्किझोफ्रेनिया होता, स्वतःला प्रेषित म्हणवायचा. म्हणजे शरीर आणि मन दोन्ही हाताबाहेर जाणं हाच त्या अल्बमचा विषय. तरी लिहिलं काय गेलं, तर 'फार झालं'. हो, आजार फारच असतो.

२०२३ मध्ये त्याला गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार झाला, एका सकाळी चालता येईना, चालणं पुन्हा शिकावं लागलं. बातमी आली तेव्हा मी परत ऍड्झ लावला आणि त्या दिवशी मला तो पूर्ण ऐकवेना.

कोरा_कागद

निळी_शाई, माझा वरचा आकड्यांचा प्रतिसाद तसाच ठेवतो, तो आकड्यांपुरता बरोबर आहे. पण 'अन्याय झाला नाही' हे वाक्य मागे घेतो. हे असं ऐकणं कुठल्याच रिव्ह्यूत मला सापडलं नव्हतं.

आडवाटेचा

एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून. ऍड्झला सगळ्यांनी 'अचानक वळण' म्हटलं, पण २००१ मध्येच त्याचा 'एन्जॉय युअर रॅबिट' येऊन गेला होता, चिनी राशींवरचा, जवळपास पूर्ण इलेक्ट्रॉनिक. गाजलेले फोकचे अल्बम त्यानंतरचे. पुढे त्याच अल्बमचं तंतुवाद्यांसाठी रूपांतर करून 'रन रॅबिट रन' म्हणून २००९ मध्ये काढलं. म्हणजे वळण समीक्षकांच्या नकाशावर होतं, रस्ता तर आधीपासून तिकडेच जात होता.

रानवारा

अरे वा! 'एन्जॉय युअर रॅबिट' मी ऐकला होता पण 'सुरुवातीची खटपट' म्हणून मीच पुढे गेलो. म्हणजे ज्याबद्दल समीक्षकांवर आरोप करतोय तेच मी केलं.

मंद्रसप्तक

आणखी एक पुरावा तुमच्या बाजूने. कॅरी अँड लोवेलच्या २०१५ च्या दौऱ्याचा लाइव्ह अल्बम २०१७ मध्ये आला. तीच हळुवार गाणी, पण त्यांवर ऍड्झचे सगळे आवाज चढवलेत. 'फोर्थ ऑफ जुलै'ची शेवटची ओळ तिथे कुजबुज राहत नाही, पार छताला लागते. 'ब्लू बकेट ऑफ गोल्ड' या गाण्यानंतर तर दहा मिनिटांहून जास्त नुसता आवाजाचा डोंगर. म्हणजे त्याच्या लेखी हे दोन अल्बम शत्रू नव्हतेच. त्याने दोघांचं लग्न लावलं.

सांजवेळ

मला एक माहिती टाकायची आहे, ती वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. २०२५ मध्ये कॅरी अँड लोवेलला दहा वर्षं झाली म्हणून नवी आवृत्ती आली. त्या वेळी मुलाखतीत तो म्हणाला की या अल्बमची त्याला लाज वाटते, आईच्या आयुष्यावर, मरणावर बोलायचा आपल्याला काही अधिकार नव्हता अशा अर्थाचं. ज्या अल्बमने मला त्या खुर्चीत धरून ठेवलं, तो करणाऱ्याला नकोसा आहे. समीक्षकांचे ९० एका बाजूला, माझी ती पहाट एका बाजूला, आणि हे.

खर्ज

सांजवेळ, तुमचं वाचून 'मिशिगन'मधलं 'रोम्युलस' पुन्हा लावलं. २००३ चं गाणं. त्यात दूर गेलेली आई आहे, कधीतरी फोन करणारी, येऊन जाणारी, आणि शेवटी मुलगा म्हणतो की मला तिची लाज वाटत होती. म्हणजे आई आणि लाज हे दोन्ही शब्द त्याच्याकडे पहिल्यापासून एकत्र आहेत. तेव्हा आईची लाज वाटायची, आता आईवर गायल्याची वाटते. मला यात अल्बम खोटा ठरताना दिसत नाही. मुलगा अजून त्याच दारात उभा आहे असं वाटतं.

आणि २०१५ मध्ये 'पहिल्यांदाच आईबद्दल गायला' असं ज्या कुणी लिहिलं त्यांनी 'रोम्युलस' ऐकलं नव्हतं एवढं नक्की.

सांजवेळ

'तेव्हा आईची, आता आईवर गायल्याची.' हे घेऊन जाते. थँक्यू खर्ज.

तिसरी_घंटा

धागा कुठून कुठे गेला. रानवारा, मूळ प्रश्नाचं काय ठरलं तुमचं?

रानवारा

काल निळी_शाई यांचा प्रतिसाद डोक्यात ठेवून ऍड्झ पुन्हा ऐकला. हेडफोन लावून, पंचवीस मिनिटांच्या गाण्यासकट, न थांबता. आणि एक गोष्ट ऐकू आली जी दोन आठवड्यांत ऐकू आली नव्हती. पहिलं गाणं 'फ्यूटाइल डिव्हायसेस' दोनच मिनिटांचं आहे आणि त्यात नुसती गिटार, थोडा पियानो आणि तोच कुजबुजता आवाज. मग दुसऱ्या गाण्यापासून आभाळ फाटतं. आणि अगदी शेवटी, त्या लांबलचक गाण्याचा सगळा जल्लोष उतरला की परत गिटार येते, बोटांनी छेडलेली, आणि तिच्यावर अल्बम संपतो. म्हणजे मी ज्या बँजोवाल्याला तिथे शोधत नव्हतो तो दारात आणि परसात दोन्हीकडे बसलेला होता. शीर्षकातलं माझं गणित तिसरी_घंटा यांनी पहिल्या दिवशीच मोडलं होतं, काल उरलंसुरलं मी मोडलं.

तरी एक म्हणणं सोडत नाही. कॅरी अँड लोवेलचं दुःख ओळखीचं होतं, आई गेली हे कुणालाही एका वाक्यात कळतं, म्हणून त्यावर लिहिणं सोपं गेलं. निळी_शाईंच्या हातातली वीज एका वाक्यात सांगता येत नाही. तिथे रिव्ह्यू लिहिणारे अडले, आणि अडले तेव्हा त्यांनी 'मला कळलं नाही' लिहायच्या ऐवजी 'फार झालं' लिहिलं.

निळी_शाई

हे तुम्ही लिहिलंत म्हणून माझा पण एक कबुलीजबाब. कॅरी अँड लोवेल मी आजपर्यंत टाळलाय. सगळे म्हणतात सुंदर आहे, म्हणूनच. आज रात्री लावते.

सांजवेळ

निळी_शाई, सहावं गाणं 'फोर्थ ऑफ जुलै', त्याच्या आधीचं सगळं सावकाश ऐका, घाई करू नका. आणि मी ऍड्झ लावते. उद्या इथेच लिहू दोघी.

बोरू

मी 'मिशिगन'ला पोचलोय. पहिलंच गाणं बेकारांसाठी आहे, फ्लिंट नावाच्या गावावर, नुसता पियानो आणि मागून एक ट्रम्पेट. पुढे जाववत नाहीये, तेच परत परत लावतोय.